मोखाड्याचा ‘मो’, शेजारी ‘एम’

नागलीच्या बिस्किटांचं एक साधं लेबल. वर मराठी, खाली इंग्रजी. एका वीकेंडचं काम म्हणून घेतलं, आणि दोन लिप्यांना एका पंगतीत बसवणं म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं!

“ताई, हे मला वाचता येत नाय. माझंच कायतरी चुकत असंल.”

मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर, सारवलेल्या ओट्यावर बसून मावशी हातातलं लेबल उजेडाकडे धरून बघत होत्या. बोट अक्षरांखालून हळूहळू सरकत होतं. ‘नागलीची’ हा शब्द पार पडला. पुढच्या शब्दाशी बोट अडलं, मागे आलं, पुन्हा अडलं. मग त्यांनी लेबल माझ्या हातात परत दिलं आणि कसनुसं हसत हे वाक्य म्हटलं.

मी लेबल बघितलं आणि पोटात गोळाच आला. चूक मावशींची नव्हती. चूक माझी होती, तीही चकचकीत कागदावर, चार रंगांत छापलेली!

तर झालं असं… मी लोअर परळच्या एका डिझाइन स्टुडिओत काम करते. शाम्पू, विमा, मसाले, जे येईल त्याचं पॅकेजिंग. आमच्या धंद्यात ‘मराठी अ‍ॅडॅप्टेशन’ नावाचा एक प्रकार असतो. म्हणजे आधी इंग्रजीत सगळं फायनल करायचं, क्लायंटचा ओके घ्यायचा आणि शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला, उरलेल्या जागेत मराठी कोंबायचं. गेली आठ वर्षं मी हे बिनबोभाट करत आलेय. स्वतः मराठी माध्यमात शिकलेय, हे वेगळं सांगायला नको.

माझी एक मैत्रीण जव्हारला एका संस्थेत काम करते. एके दिवशी तिचा फोन आला. मोखाड्याकडच्या एका बचत गटातल्या बायका नागलीची बिस्किटं करतात. (नागली म्हणजे आपली नाचणीच, पण तिकडे नागलीच म्हणायचं.) २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि शहरातल्या लोकांना अचानक नाचणीचा साक्षात्कार झाला. वांद्र्याच्या कॅफेत ज्याला ‘रागी कुकी’ म्हणून भरपूर पैसे पडतात, ते या बायका वर्षानुवर्षं भाकरीच्या रूपात खात आल्यात. आता त्यांना शहरात माल विकायचा होता आणि त्यासाठी लेबल हवं होतं. बजेट? “चहा आणि बिस्किटं,” मैत्रीण म्हणाली.

म्हटलं, एका वीकेंडचं तर काम! शुक्रवारी रात्री बसले. इंग्रजीसाठी गॅरामाँड निवडला, कसा उच्चभ्रू, पुस्तकी, सुंदर! एकेका अक्षरातलं अंतर डोळ्यांत तेल घालून जुळवलं. रात्री एक वाजता मराठी मजकूर आणून चिकटवला, कॉम्प्युटरवर जो फॉन्ट सापडला तो लावला, फाइल प्रेसला पाठवली आणि झोपले. दोनशे ट्रायल लेबलं घेऊन पुढच्या शनिवारी गाडी काढली.

मुंबईहून मनोर, मग विक्रमगड आणि वळणावळणांचा रस्ता चढून जव्हार. साधारण दीडशे किलोमीटर. पावसाळ्यात गेलात तर दाभोसाचा धबधबा बघा, हनुमान पॉइंटवरून दरी बघा, मुकणे राजांचा जयविलास राजवाडा बघा. जव्हारहून त्र्यंबकच्या दिशेनं पुढे गेलं की मोखाडा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला, त्याआधी हे सगळं ठाणे जिल्ह्यात होतं. ठाणे म्हटल्यावर आपल्याला घोडबंदर रोड आठवतो, मोखाडा नाही. असो. पाड्यावर पोचले, मोठ्या ऐटीत लेबलं काढली आणि मग ते वाक्य ऐकलं.

‘बिस्किटं’ या शब्दाचं काय झालं होतं सांगते. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय भाषांचं सेटिंग वेगळं सुरू करावं लागतं, ते मी केलंच नव्हतं. त्यामुळे पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून पलीकडे जाऊन बसली होती, ‘स्कि’चा सांधा निखळला होता आणि बिचारा ‘स’ पाय मोडून पडला होता. मला तो शब्द पाठ होता म्हणून मी तो कधी वाचलाच नव्हता, नुसता बघितला होता. मावशींनी तो वाचला. चार वर्षांपूर्वी, पन्नाशीच्या आसपास, प्रौढांच्या वर्गात जाऊन त्या अक्षरं शिकल्या. एकेक अक्षर लावत वाचतात. आणि अक्षर लागलं नाही की त्यांना वाटतं, आपणच कमी पडलो.

हे मला सहन होईना. आपल्याला एखादं अ‍ॅप वापरता आलं नाही तर आपण अ‍ॅपला शिव्या घालतो. नवीन वाचायला शिकलेलं माणूस स्वतःला बोल लावतं. म्हणजे माझा आळस त्यांच्या खात्यावर जमा झाला होता!

फाटक्या वेलांटीचा इलाज सोपा होता, एक बटण. पण ते दुरुस्त करून पुन्हा लेबल बघितलं तरी काहीतरी खुपतच होतं. इंग्रजी साहेबासारखं सुटाबुटात उभं आणि मराठी त्याच्या मागे ब्रीफकेस धरून. दोघांना बरोबरीनं कसं बसवायचं? मग मी कामाला लागले.

सेरिफ म्हणजे काय रे भाऊ?

टाइम्स न्यू रोमन सगळ्यांनी बघितलाय. त्यातल्या इंग्रजी अक्षरांच्या टोकांना बारीक पाय असतात, ते सेरिफ. पाय नसले की सॅन्स सेरिफ, उदाहरणार्थ एरियल. सेरिफ अक्षरांचं दुसरं लक्षण म्हणजे जाड-बारीक रेघा. इंग्रजी ‘ए’ किंवा ‘व्ही’ बघा. एक तिरकी रेघ जाड, दुसरी बारीक. हे कुणी गंमत म्हणून ठरवलेलं नाही. चपट्या टोकाचं पेन एका ठराविक कोनात धरलं की हात एका दिशेला गेला तर जाड रेघ उमटते, दुसऱ्या दिशेला गेला तर बारीक.

आता आपली देवनागरी. तीही जाड-बारीकच, कारण ती बोरूनं लिहिली गेली. पण गंमत इथेच आहे. बोरूच्या टोकाचा काप उलट्या बाजूला तिरका! त्यामुळे जाडी नेमकी उलट ठिकाणी येते. इंग्रजी ‘ओ’ची जाडी डावीकडे खाली आणि उजवीकडे वर असते. आपल्या शून्यात ती डावीकडे वर आणि उजवीकडे खाली. एकाच वर्गात डावखुरा आणि उजवा मुलगा एका बाकावर बसवले की त्यांची कोपरं जशी आपटतात, तशा या दोन लिप्या एका ओळीत आपटतात.

मग डिझाइनर काय करतात? सोपा मार्ग असा, की देवनागरीच्या दांड्यांना खाली इंग्रजीसारखे पाय लावायचे. दिसायला ‘मॅचिंग’ होतं, पण मराठी वाचणाऱ्याला प्रत्येक काना अडखळून उभा राहिल्यासारखा वाटतो. याचा उलटा प्रकारही आहे. इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावरून शिरोरेघ ओढायची आणि म्हणायचं, बघा, कसं इंडियन! परदेशातल्या करी हाउसच्या पाट्या आठवा. दोन्ही प्रकार म्हणजे एकाचे कपडे दुसऱ्याला घालणं. मापं चुकणारच.

जाणकारांचा मार्ग वेगळा. प्रत्येक लिपीला तिचा बोरू, तिचं पेन तिच्या हातात राहू द्यायचं. जुळवायचं ते वेगळंच: रेघांच्या जाडीतला फरक, वळणांमधला ताण, अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा आणि मुख्य म्हणजे पानाचा ‘रंग’. दोन भाषांतले दोन परिच्छेद शेजारी ठेवा आणि डोळे किलकिले करून बघा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर जोडी जमली. एक काळाकुट्ट आणि दुसरा फिका दिसला तर नाही जमली. देवनागरीत एकेका अक्षरात रेघा जास्त, वर शिरोरेघ, त्यामुळे तिची रेघ बहुतेक वेळा इंग्रजीपेक्षा किंचित सडसडीत ठेवावी लागते.

उंचीचं भांडण

पुढचा प्रश्न मापाचा. ‘मोखाडा’ इंग्रजीत लिहून बघा. पहिला ‘एम’ मोठा, मग ‘ओ’ बुटका, ‘के’ आणि ‘एच’ उंच, ‘ए’ बुटका, ‘डी’ उंच, पुन्हा ‘ए’ बुटका. डोंगररांगच! आणि मराठीत? म, खा, डा, सगळे एकाच रेघेला टांगलेले, एकसारख्या उंचीचे. फक्त ‘मो’ची मात्रा तेवढी रेघेच्या वर. आपल्याकडे कॅपिटल नाही, स्मॉल नाही. मग मराठी अक्षराची उंची कुणाशी जुळवायची? मोठ्या ‘एम’शी जुळवली तर मराठी अंगावर येते. बुटक्या ‘ओ’शी जुळवली तर ती पार चिमुकली होते. म्हणून बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये शिरोरेघ या दोघांच्या मध्ये कुठेतरी ठेवलेली असते. नेमकी कुठे, हे ठरवण्यात डिझाइनरचे महिने जातात.

हा प्रश्न काही फक्त आमच्या धंद्यापुरता नाही बरं का! महाराष्ट्रात २०२२ साली दुकानांच्या पाट्यांचा कायदा बदलला. नाव देवनागरीत मराठीतून हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा किती धावपळ झाली ते आठवत असेल. पण ‘लहान’ म्हणजे कशापेक्षा लहान? कॅपिटलपेक्षा की स्मॉलपेक्षा? मात्रा धरून की सोडून? कॉम्प्युटरवर दोन्हींना चोवीसचा साइज दिला तरी कित्येक फॉन्टमध्ये मराठी बारीक दिसते, कारण वरची वेलांटी आणि खालचा उकार त्याच चौकटीत बसवायचा म्हणून मधलं अक्षर आक्रसून घेतलेलं असतं. आकडा समान, पण डोळ्याला समान नाही. कायद्यानं जागा मिळते, पण त्या जागेत नीट बसवायचं काम शेवटी अक्षर काढणाऱ्याचंच.

खाण्याच्या पुड्यावर तर आणखी एक मेख आहे. केंद्राच्या अन्न लेबलिंगच्या नियमांप्रमाणे घटक वगैरे आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत द्यावीच लागते. मराठी? वरून द्यायची तर द्या, हरकत नाही. म्हणजे मोखाड्यात केलेली, मोखाड्यात विकलेली बिस्किटं असली तरी मराठी ही ऐच्छिक! हे कळलं तेव्हा मी ठरवलं की ऐच्छिक असेल तर मी ती इच्छा अगदी मनापासून करणार.

बँकॉकमधली डोकी

आपलाच प्रश्न इतका अवघड आहे असं वाटत असेल तर जरा पूर्वेकडे बघा. थाई लिपी आपली लांबची बहीण. दोघींचं मूळ ब्राह्मीत. त्यांच्याकडे शिरोरेघ नाही, पण स्वर वर-खाली बसतात, आणि वरच्या स्वराच्याही डोक्यावर सुराची खूण चढते. एकावर एक अशी माडी! इंग्रजीला सोयीचं असलेलं दोन ओळींमधलं अंतर त्यांना पुरत नाही, अगदी आपल्यासारखंच.

थाई अक्षराची सुरुवात बहुतेक वेळा एका छोट्या गोल फासानं होते. त्याला ते ‘डोकं’ म्हणतात. डोक्याची बाजू बदलली की अक्षर बदलू शकतं. आता झालं काय, की जाहिरातींच्या जमान्यात डोकी उडवलेली थाई अक्षरं आली. गुळगुळीत, मॉडर्न, इंग्रजी सॅन्स सेरिफच्या शेजारी फिट्ट बसणारी. बँकॉकच्या मॉलमध्ये झकास दिसतात. पण पुस्तकाचा सलग मजकूर वाचायचा तर अजून डोकीवालीच अक्षरं लागतात. म्हणून तिथे एक ढोबळ नियम झाला: इंग्रजी सेरिफ असेल तर शेजारी डोकीवाली थाई, सॅन्स असेल तर बिनडोक्याची. थाई अक्षराचा पाय म्हणजे त्याचं डोकं, असंच म्हणा ना! आयबीएमनं आपला प्लेक्स हा फॉन्ट थाईसाठी केला तेव्हा दोन्ही प्रकार वेगवेगळे करून दिले. थायलंड सरकारनं २०१०मध्ये तेरा फॉन्ट राष्ट्रीय म्हणून जाहीर केले आणि सगळ्यांना फुकट दिले.

मला यातून एवढं उमगलं, की प्रत्येक लिपीत एक अशी जागा असते जी दिसायला नुसती नक्षी वाटते, पण वाचणाऱ्याचं बोट तिलाच धरून पुढे सरकतं. इंग्रजीत पाय, थाईत डोकं, आपल्याकडे शिरोरेघ आणि वेलांट्या. जुळवाजुळवीच्या नादात तिलाच कात्री लावली की नवा वाचक पहिला पडतो.

निर्णयसागर ते आयआयटी

मुंबईत हा विचार आजचा नाही. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९चा. तिथल्या राणोजी रावजी आरूंनी कोरलेल्या अक्षरांचं नाव अजून टाइपवाले आदरानं घेतात. तेव्हा अक्षर म्हणजे शिशाचा खिळा. जोडाक्षरं आणि काना-मात्रा धरून मराठीला काही शे खिळे लागायचे, इंग्रजीचं त्यापेक्षा फार थोडक्यात भागायचं. पुढे बापूराव नाईकांनी १९७१मध्ये देवनागरीच्या मुद्रणावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. मग आले र. कृ. जोशी. कवी, सुलेखनकार, जाहिरातवाले आणि आयआयटी मुंबईतल्या आयडीसीचे मास्तर. तुमच्या विंडोजमधला ‘मंगल’ त्यांचाच. ते २००८मध्ये गेले, पण आज मराठीत अक्षरांचं काम करणारे कितीतरी जण त्यांच्या शाळेतले किंवा त्या शाळेतून आलेल्यांच्या शाळेतले. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ तुम्ही रोज कुठे ना कुठे बघता, नाव माहीत नसलं तरी.

पण मला हवी होती सेरिफ जोडी. शोधता शोधता तीन नावं हाती लागली.

पहिलं, ‘शोभिका’. आयआयटी मुंबईतून आलेला हा फॉन्ट. त्यातली देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’वरून घेतलेली आणि इंग्रजी ‘पीटी सेरिफ’वरून. संस्कृतची अवघड जोडाक्षरं लिहिणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेला, आणि फुकट.

दुसरं, ‘टिरो देवनागरी मराठी’. याची कथा भारी आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनानं २०१५पासून मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया ही पुस्तकमाला सुरू केली. डाव्या पानावर मूळ भारतीय लिपी, उजव्या पानावर इंग्रजी भाषांतर. पुस्तक उघडलं की दोन्ही लिप्या समोरासमोर! त्यासाठी फियोना रॉस आणि जॉन हडसन यांच्या टीमनं खास अक्षरं केली आणि पुढे ती गूगल फॉन्ट्सवर सगळ्यांसाठी खुली झाली. हिंदी, संस्कृत आणि मराठी अशी तीन वेगळी रूपं.

मराठीला वेगळं कशाला, असं वाटलं ना? आपला ‘ल’ आणि आपला शेंडीफोड्या ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे. ५, ८, ९ या आकड्यांची वळणंही वेगळी असतात. महाराष्ट्र शासनानं २००९मध्ये निर्णय काढून मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ प्रमाण ठरवले. शाळेत मुलं तेच गिरवतात, प्रौढांच्या वर्गात मावशीही तेच गिरवतात. आणि मोबाइलवर, पाट्यांवर, पुड्यांवर मात्र बहुतेक ठिकाणी हिंदी वळण! ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला ‘र’ वेगळा दाखवता आला नाही तर जेवायला कोण बसलं आणि स्वयंपाक कुणी केला तेच कळणार नाही.

तिसरं, वैभव सिंह यांचा ‘एक्झार’. जरा दणकट, कोरीव, पण लहान साइजलाही वाचता येईल असा. त्यात साध्यापासून एकदम ठसठशीतपर्यंत वजनं आहेत. त्यातली देवनागरी इंग्रजीचे पाय उसने घेत नाही आणि इंग्रजी देवनागरीची टोपी घालत नाही. दोघींचा स्वभाव मात्र एक, जरा बेधडक. एका घरातल्या दोन बहिणी जशा वेगवेगळ्या दिसतात, पण हसल्या की ओळखू येतात, तसं.

भिंतीवरचं ‘लिहिणं’

दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा कोरी पाटी घेऊन गेले. म्हणजे खरंच, लेबल न घेता. मावशींना म्हटलं, तुम्ही सांगा यात काय हवं. पहिल्या लेबलावर मी अर्थातच वारली नाचाची चित्रं लावली होती. पालघरचं काहीही असलं की आपण शहरातले लोक गोल करून नाचणारी माणसं लावून मोकळे होतो! मावशी म्हणाल्या, “ते लग्नात लिवतात. बिस्किटावर कशाला?”

‘लिवतात’ हा शब्द मी पकडला. वारल्यांकडे लग्नाचा चौक काढत नाहीत, लिहितात. तांदळाचं पीठ, बांबूची काडी, सारवलेली भिंत आणि मधोमध पालघाट देवी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंनी ही कला जगभर नेली. त्यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. पण ज्यांच्या भिंतीवर ती आहे त्यांच्यासाठी ते सजावटीचं डिझाइन नाही, लिखाण आहे. त्याला जागा आहे, वेळ आहे, अर्थ आहे. आणि काडीनं लिहिल्यामुळे त्याची रेघ सगळीकडे जवळजवळ सारखी, जाड-बारीक फारसं नाहीच. म्हणजे मी एका लेबलावर दोन नाही, तीन लिखाणं कोंबली होती. एक पेनाचं, एक बोरूचं, एक काडीचं. तिघंही एकमेकांच्या अंगावर!

चित्रं काढून टाकली. वर मोठ्ठं ‘नागलीची बिस्किटं’, त्याखाली गावाचं नाव, मग इंग्रजी. आधी मराठी बसवली आणि तिच्या मात्रांना लागेल तेवढी हवा सोडली. इंग्रजी नंतर त्या मापात बसवली. आठ वर्षांत पहिल्यांदाच उलटं काम केलं. गंमत म्हणजे इंग्रजीचं काहीच बिघडलं नाही! मोकळ्या ओळींत ती उलट जास्त ऐटबाज दिसायला लागली. मागच्या बाजूला नियमाप्रमाणे इंग्रजी माहिती, आणि शेजारी तीच मराठीत, त्याच उंचीची. ट्रायलला एक्झार आणि टिरो दोन्ही नेले. टिरोचं पान देखणं, पण पुड्याच्या दर्शनी बाजूला लांबून वाचता येईल असा ठसठशीतपणा हवा होता, म्हणून समोर एक्झार आणि मागच्या बारीक मजकुरात टिरो.

आणि हो, यावेळी प्रेसला पाठवण्याआधी प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचला. बोट ठेवून.

तिसरी खेप. तोच ओटा. मावशींनी पुडा हातात घेतला. बोट ‘नागलीची’वरून सरकलं, ‘बिस्किटं’वर आलं. क्षणभर थांबलं. माझा श्वास अडकला. मग ते न अडखळता पुढे गेलं, गावाच्या नावापर्यंत. दुसऱ्यांदा त्यांनी तेच जरा मोठ्यानं वाचलं, शेजारणीला ऐकू जाईल असं.

मला वाटलं, आता काहीतरी छान म्हणतील. मावशींनी पुडा उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाल्या, “नाव केवढं लिवलंस ताई! बिस्किट केवढं आन् नाव केवढं!”

ओट्यावर हशा पिकला. मीही हसले. साइज कमी केलाय आता. थोडासाच.

चौकट: दोन लिप्या शेजारी बसवताना

लग्नपत्रिका असो, स्टार्टअपचा लोगो असो की सोसायटीची पाटी, हे एवढं नक्की करा.

• मराठी आधी बसवा. तिला वर-खाली जागा जास्त लागते. इंग्रजी मागून आरामात बसते, उलटं केलं तर मराठीचा जीव गुदमरतो.

• साइजचा आकडा बघू नका, डोळ्यांनी बघा. डोळे किलकिले करा, दोन्ही सारखेच गडद दिसायला हवेत.

• एकाच फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या मिळतात का ते आधी शोधा. शोभिका, टिरो, एक्झार फुकट आहेत. पैसे नव्हते ही सबब चालणार नाही!

• ‘ल’, ‘श’, ‘ळ’ आणि ‘वाऱ्यावर’ हे टाइप करून बघा. मराठी वळण आलं नाही तर फॉन्ट बदला.

• प्रिंटला देण्याआधी तो मजकूर अशा कुणाला तरी वाचायला द्या ज्याला तो पाठ नाही. अडखळले, तर चूक त्यांची नाही. तुमची.